कांता आणि देवाचा वळू

कांता,

तुझ्या मरणाच्या दोन गोष्टी गावात चालू आहेत. वळूनं मारलं, ही एक. देवानं मारलं, ही दुसरी. पहिली सांगताना माणसं आवाज बारीक करतात, दुसरी सांगताना हात जोडतात. मी तिथंच होते. तुझ्या पोटात शिंग गेलं तेव्हा जाळीच्या बाहेर निम्मं गाव उभं होतं. पुरुषांच्या हातात काठ्या होत्या आणि त्या सगळ्या जमिनीला टेकलेल्या होत्या. हे कोणी सांगत नाही, म्हणून तुला सांगते. तुला तेव्हा मागं वळून बघायला सवड नव्हती.

तेरावं झालं. तुझ्या सासरच्यांनी तुझा फोटो भिंतीला लावलाय. त्यात तू डोक्यावर पदर घेऊन खाली बघतेस. मला ती बाई ओळखू येत नाही. तू खाली मान घातलेली मला आठवतच नाही.

आपण दोघी एकाच उन्हाळ्यात इथं नांदायला आलो. मी भूमची, तू पार उमरग्याकडची, शिवेवरची. मराठी बोलता बोलता मधेच कानडी यायची तुझ्या तोंडात, आणि बायका पदराआड हसायच्या. आपल्या दोघींच्या रानात एकच बांध. बांधावर बसून भाकरी खाताना तू मला बोट मोडून कानडी शिकवायचीस, आणि मी दुसऱ्या दिवशी सगळं विसरून यायचे. जनावरांशी मात्र तू कानडीतच बोललीस, शेवटपर्यंत. ‘बा, बा’ म्हणालीस की तुझी गाय कुठूनही चालत यायची. तू म्हणायचीस, “मराठीत सगळे हिला शिव्याच देतेत, मंगल. म्हणून तिला मराठी नको वाटती.”

तुझे मालक, हणमंतभाऊजी, हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचे. घरी येत ते पाहुण्यासारखे. घर चालायचं तुझ्या थोरल्या दिराच्या, भानुदासच्या, शब्दावर. जमीन वाटून झालेली नव्हती. सातबारा त्याच्या नावावर, विहीर त्याच्या नावावर, डेअरीतलं खातंसुद्धा त्याच्या नावावर. दूध तू काढायचीस, नाव त्याचं लागायचं. तू एकदा पंचायतीत गोठ्याच्या योजनेची चौकशी करायला गेलीस, तर तिथल्या माणसानं विचारलं, “बाई, जागा कुणाच्या नावावर हाय?” तू परत आलीस, बांधावर बसलीस आणि म्हणालीस, “माझ्या नावावर ह्या गावात एक ताटली हाय. तिच्यावरबी सासूचं नाव कोरलंय.”

तरी तू केलंस. माहेरी भावाच्या गोठ्यावर एक उन्हाळा काढून आलीस ती एक गाभण जर्शी कालवड घेऊन. भावानं चोळीबांगडी म्हणून दिलेली. तिच्याबरोबर तू डोक्यात बरंच काही भरून आणलं होतंस. जनावरं दाव्याला बांधायची नाहीत, जाळीच्या आत मोकळी सोडायची. पाणी समोर ठेवायचं, त्यांना हवं तेव्हा पिऊ द्यायचं. मका हिरवा असतानाच तोडून, बारीक कुट्टी करून, पिशवीत दाबून त्याचा मुरघास करायचा, म्हणजे उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर दिवस काढायला नकोत. गाय माजावर आली की जनावरांच्या डॉक्टरला बोलवून वीर्याची कांडी भरून घ्यायची, गावच्या वळूकडं न्यायची नाही.

यातल्या एकेका गोष्टीसाठी तुला मार खावा लागला. हे मी वाढवून सांगत नाही.

पहिला पाण्यावरून. त्या वर्षी टँकर येत होता. तू तुझ्या वाटणीच्या घागरी गाईपुढं ओतल्यास, हे कुणीतरी बघितलं. दुसऱ्या दिवशी टँकरच्या नळीपाशी बायकांनी तुला धरलं. “माणसाला प्यायला न्हाय अन् ही जर्शीला पाजती.” तुझे केस ओढले. एकीनं कळशी तुझ्या कपाळावर मारली. मी मधे पडले तर माझ्याही मनगटाला लागलं. तू रक्त पुसत म्हणालीस, “माझं पाणी हाय. म्या पिईन न्हायतर माझी गाय पिईल.” त्या दिवसापासून तू दिवसभर एकाच तांब्यावर राहायचीस, आणि तुझे ओठ उन्हाळाभर फुटलेले असायचे. बायकांचंही खोटं नव्हतं, कांता. त्यांच्या घरातही लेकरं तहानलेली होती. हे मी तुला तेव्हाही म्हटलं होतं, आणि तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस.

दुसरा मुरघासावरून. तुझ्या पिशव्या भानुदासच्या कडब्याच्या गंजीजवळ होत्या. “आंबलेला चारा घालून जनावर मारायलीस,” म्हणत त्यानं विळ्यानं एकेक पिशवी उभी चिरली. चारा उन्हात पडला. हवा लागली की तो नासतो, हे तू त्याला चारचारदा सांगितलं होतंस. तू अडवायला गेलीस तर त्यानं तुझ्या कानशिलात मारली, तू पडलीस, आणि पडलेल्या बाईला त्यानं लाथ घातली. मी बांधावरून ओरडत आले. पण मी पोचायच्या आत तू उठली होतीस. तुझ्या हातात पहार होती. तू ती त्याच्या हातावर घातलीस, विळा धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला.

मी म्हणाले, “कांता, दिराचा हात मोडलास तू.”

तू म्हणालीस, “त्यानं पिशवी न्हाय फाडली, मंगल. माझ्या गाईचं पोट फाडलं.”

त्यानंतर त्यानं तुला रानाच्या कडेचा, खडकाळ तुकडा तोंडी तोडून दिला. भीतीनं दिला की लाजेनं, मला माहीत नाही. तिथं तू बाभळीचे डांब रोवलेस, जाळी ओढलीस, आणि तुझा मुक्त गोठा उभा राहिला. माझे सासरे आबा तो बघायला आले होते. जाळीला हात लावून म्हणाले, “बांधल्याबगर जनावर आपलं कसं, पोरी?” तू म्हणालीस, “आबा, बांधलेलंच पळून जातंय.” आबा हसले. तेव्हा त्यांचं-तुझं बरं होतं.

आता वळूचं सांगते. आपल्यातलं खरं भांडण तेच.

माझी मुलं शाळेत जायला लागली होती तेव्हा विलासला, माझ्या नवऱ्याला, ऊस खुरपताना साप चावला. त्याला जीपमधे घालून नेताना आबांनी देवळाच्या दिशेला हात केला आणि नवस बोलले. पोरगा वाचला तर घरातलं सगळ्यात चांगलं खोंड देवाला सोडीन. विलास वाचला. आबांनी आमच्या खिलार गाईचं पांढरंशुभ्र खोंड हळद-गुलाल लावून गावच्या देवाच्या नावानं सोडलं. तेव्हापासून ते कुणाचंच नव्हतं आणि सगळ्यांचं होतं. ते कुणाच्याही रानात शिरायचं, कुणाचंही खायचं, आणि बायका त्याच्या पायावर पाणी घालायच्या. गावातल्या गाई त्याच्याकडूनच भरल्या जायच्या. फुकट, आणि देवाचा आशीर्वाद. मग कांडी भरायला डॉक्टरला कोण बोलावणार?

मोठा झाला तसा तो मारका झाला. त्यानं एक शेळी पायाखाली चेंगरली. एका म्हाताऱ्याला देवळाच्या पायरीवरून फेकलं, त्याचा खुबा गेला. लोक म्हणाले, म्हातारा वाटेत आला. तू म्हणालीस, “वाट म्हाताऱ्याची हुती.”

मला तो वळू आवडायचा नाही. पण तो रस्त्यानं चालताना दिसला की मला विलास चालताना दिसायचा. तुला हे मी कधी नीट सांगू शकले नाही. तू विचारायचीस, “तुझा नवरा इंजेक्शनानं वाचला का खोंडानं?” मी म्हणायचे, “मला काय माहीत? दोन्ही केलं, अन् वाचला.”

मग तुझी जर्शी गाभडली. दिवस भरत आले असताना तिनं मेलेलं वासरू टाकलं. नंतर तिचीच थोरली लेक गाभडली, तसंच. तिला तू कांडी भरून घेतली होतीस, पण ती रानात चरत असताना वळूनं तिला गाठलं होतं. तू ते मेलेलं वासरू पोत्यात घातलंस, खांद्यावर घेतलंस, आणि भर दुपारी आमच्या अंगणात आणून आबांच्या ताटासमोर ठेवलंस. पोत्यातून पाणी आणि रक्त गळत होतं. आबांच्या हातात घास होता.

“आबा,” तू म्हणालीस, “तुमच्या देवाचा परसाद.”

आबा उठले आणि त्यांनी तुझ्या तोंडात मारली. जन्मात त्यांनी बाईवर हात उचलला नव्हता. तू हलली नाहीस. माझी लेकरं दारातून बघत होती. मी ते पोतं उचललं, तुझ्या अंगावर फेकलं आणि म्हणाले, “माझ्या घरात असलं आणू नको.” तिथं तू चुकलीस, कांता. दुःख तुझं होतं, पण ते अंगण जेवणाचं होतं. आजही मी हेच म्हणते. तू असतीस तर अजून भांडलो असतो.

त्यानंतर डॉक्टर आले. तुझ्या गाईंचं रक्त नेलं, आणि परत आले ते तोंडाला कापड बांधून. म्हणाले, हा सांसर्गिक गर्भपात आहे, एका जनावराचा दुसऱ्याला लागतो. पडलेल्या वासराला, वारेला उघडा हात लावायचा नाही. खोल पुरायचं, वर चुना टाकायचा. दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही. माणसालाही होतो. वळूकडून पसरतो का, असं तू विचारलंस. ते म्हणाले, “पसरू शकतो. रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.”

तू देवळापुढं माणसं गोळा केलीस. डॉक्टर तुझ्या शेजारी उभे होते. तू एवढंच म्हणालीस की वळूचं रक्त तपासू द्या. भानुदास पुढं आला, तो मोडून वाकडा बसलेला हात वर करून. “देवाचं रक्त काढती का ही? उद्या देवळात सुरी घिऊन जाईल.” दगड कुणी मारला ते मला दिसलं नाही. तो तुझ्या भुवईवर बसला. डॉक्टर गाडीकडं पळाले. त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही घरी माणसं असतील. तू तिथंच उभी राहिलीस, एका डोळ्यात रक्त उतरलेलं, आणि दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलंस. मी म्हणाले, “कांता, वळूला हात नको लावू. बाकी तू म्हणशील ते करीन.” मला खरंच तसं वाटत होतं.

तू म्हणालीस, “बाकी काय राहिलं, मंगल?”

मग तू जाळी उंच केलीस. आत तुझ्या दोन आजारी गाई एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला मल्लिगे. ती तुझ्याच गोठ्यात जन्मलेली, पांढरी-काळी, कानडीतल्या मोगऱ्याच्या नावाची. वासरू असतानाच तू तिला या रोगाची लस टोचून घेतली होतीस. सगळं करून एकच जनावर धड राहिलं, असं तू म्हणायचीस.

चैत्रातली दुपार. मी बांधालगत मिरच्या तोडत होते. मल्लिगे सकाळपासून हंबरत होती, पहिल्यांदाच माजावर आलेली. तू डॉक्टरला फोन केला होतास, ते येतो म्हणाले होते. दगडाच्या प्रकारानंतर ते पहिल्यांदाच गावात येणार होते, म्हणून तू वाटेकडं बघत उभी होतीस. डॉक्टरच्या आधी वळू आला. देवळाकडून, माझ्या मिरच्या तुडवत, नाक वर करून. मागं माणसं गोळा व्हायला लागली, जशी एखादा खेळ बघायला होतात.

त्यानं पहिल्या धडकेत बाभळीचा डांब मोडला. दुसऱ्या धडकेत जाळी आडवी झाली. तू बाहेर होतीस, कांता. बाहेरच राहिली असतीस तर आज असतीस. मल्लिगे कोवळी होती, त्याच्या वजनाखाली तिची कंबर मोडली असती, आणि लस असली तरी तो रोग तिच्यात शिरायची भीती होती. तू पहार उचललीस आणि आत गेलीस. त्याच्या नाकाडावर घातलीस. “होगु!” तू ओरडलीस. जा, म्हणून. त्याला कानडी कुणी शिकवली नव्हती.

तो वळला. मान खाली घातली आणि तुला गव्हाणीला दाबलं. शिंग खालून वर गेलं. त्यानं तुला उचललं, झटकलं, पुन्हा पाडलं आणि पुन्हा घुसला. तुझ्या तोंडातून आवाज आला नाही. आवाज सिमेंटच्या गव्हाणीवर शिंग घासल्याचा येत होता.

मी बाहेरच्या माणसांकडं बघितलं. भानुदास तिथं होता. विलास लांबून पळत येत होता. कुणी काठी उचलली नाही. एका म्हातारीनं वळूला हात जोडले होते. मी मोडलेल्या जाळीवरून आत गेले, तुझ्या हातातून पडलेली पहार घेतली आणि शिंगाच्या बुडाशी मारली. त्यानं डोकं हलवलं. मी परत मारली. ती डोळ्यात गेली. एवढं मोठं जनावर एकदम थांबलं, कुणी हाक मारल्यासारखं. त्याच्या तोंडावरून रक्त वाहायला लागलं. मग तो आला त्याच वाटेनं बाहेर गेला, आणि माणसांनी त्याला वाट करून दिली.

मागून कुणीतरी म्हणालं, “मंगल, हे काय केलंस?” तुझ्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही.

विलासनं वस्तीवरची जीप आणली. मी माझा पदर फाडून तुझ्या पोटात दाबून धरला होता आणि तो हाताखाली गरम होत होता. परंड्याच्या दवाखान्याच्या वाटेवर तू डोळे उघडलेस.

“मल्लिगे?”

“हाय. शिवला न्हाय तो तिला.”

“डॉक्टर आले का?”

“येतेत.”

“आजच भरायला पायजे. उद्या माज जातोय तिचा.”

एवढंच. हणमंतभाऊजींचं नाव नाही, माझं नाही. मी थोडी रागावले तुझ्यावर, खरं सांगते. परंडा यायच्या आधीच तुझा हात जड झाला. विलासनं मागं वळून बघितलं आणि जीप रस्त्याच्या कडेला घेतली. घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

तुझी राख सावडली त्या दिवशी विलासला ताप भरला. गाव आमच्या दारात आलं. “सुनेनं देवाच्या डोळ्यात पहार घातली. आता नवऱ्यावर फिरलं.” आबा भिंतीला टेकून बसले होते, माझ्याकडं बघत नव्हते. मी घाबरले, कांता. तू हसशील, पण मी नारळ घेऊन देवळाच्या पायरीपर्यंत गेले. पायरीवर बसले आणि मला काय मागायचं तेच कळेना. नवरा मागू, का माफी मागू, का तू मागू.

डॉक्टर तुझ्या गाई बघायला आले, तेव्हा ओसरीवर पडलेला विलास त्यांनी बघितला. ताप कधीपासून येतोय, विचारलं. मला वाटलं, कालपासून म्हणावं. पण विलासच बोलला. थंडीपासून येतोय-जातोय, पाठ धरते, पहाटे घामानं अंथरूण भिजतं. थंडीतच आमची गाय गाभडली होती, आणि अडलेलं वासरू त्यानं उघड्या हातानं ओढून काढलं होतं. डॉक्टरांनी त्याला धाराशिवला पाठवलं. रक्तात तोच आजार निघाला. औषध लांबलचक आहे, पण बरा होईल म्हणाले.

आबांनी विचारलं, “वळूमुळं झालं का हे?”

डॉक्टर म्हणाले, “ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आबा. वळूचं रक्त बघितलं तर निदान त्याचं तरी कळेल.”

आबा दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कासरा घेतला आणि देवळाकडं निघाले. मी मागं गेले, डॉक्टर माझ्या मागं. वळू पिंपळाखाली उभा होता, एक डोळा सुजून बंद झालेला, त्यावर माश्या. आबांनी त्याच्या आंधळ्या बाजूनं जाऊन फास टाकला आणि कासरा पिंपळाला गुंडाळला. वळूनं हिसडा दिला, आबा गुडघ्यावर आले, तळहात सोलले, पण कासरा सुटला नाही.

भानुदास माणसं घेऊन आला. आता मात्र काठ्या वर उचललेल्या होत्या.

“सोडा त्याला, आबा. देवाचा हाय तो.”

“नवस माझा हाय,” आबा म्हणाले. “सोडला म्या. धरणारबी म्याच.”

काठी आबांच्या खांद्यावर बसली. म्हाताऱ्याची हासळी, गळ्याजवळचं हाड, मोडली, हात लोंबला. दुसऱ्या हातानं त्यांनी कासरा धरून ठेवला आणि दात आवळून डॉक्टरला म्हणाले, “काढा.” डॉक्टरांनी रक्त काढलं. मी भानुदासच्या समोर उभी राहिले. माझ्याकडं हत्यार नव्हतं. त्यानं मला मारलं नाही. का, ते त्याला विचार.

रोग वळूतही निघाला. आता तो आमच्या विहिरीजवळ कोंडून ठेवलाय, दगडी भिंतीच्या आत, एकटा. आबा गळ्यात झोळी अडकवून एका हातानं त्याला वैरण टाकतात. विलासला पोलिसात जायचं होतं, आबा नको म्हणाले. देवाला काय सांगितलं, असं मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, “सांगितलं, की पोरगा राहू दे आणि माझं खोंड मला परत दे.” माझं त्यांच्याशी अजून धड बोलणं होत नाही. तुझ्या गालावर बसलेला त्यांचा हात मला दिसतो. त्यांनाही दिसत असावा, कारण ते तुझं नाव घेत नाहीत, ‘ती पोरगी’ म्हणतात आणि थांबतात.

हणमंतभाऊजींना तुझ्या दोन्ही गाई बाजारात काढायच्या होत्या. मी आडवी आले. “दुसऱ्याच्या घरात रोग विकणार का?” तर म्हणाले, “मग काय करू? मला ट्रकवर जायचंय.” त्यांचंही बरोबर होतं. त्या गाई विकता येत नाहीत, धड सांभाळताही येत नाहीत. मी सांभाळते, वेगळ्या बांधून. हो, बांधून. जाळी आडवी आहे अजून, आणि डांब रोवायला माणूस येत नाही. मल्लिगे माझ्याकडं आहे. त्या दिवशीचा माज गेला. मी मराठीत बोलते म्हणून पहिले दिवस ती माझ्या हातचं खात नव्हती.

गाव बदललं, असं तुला वाटायला नको. चार घरांनी गाई तपासून घेतल्या, बाकीचे दुसरा वळू बघतायत.

काल दुपारी भानुदासची बायको लता मागच्या दारानं आली. तिच्या घरापर्यंत पोचू नये अशा बारीक आवाजात म्हणाली, “मंगलबाई, आमची गाय गाभडली. ते म्हणतेत, उकिरड्यावर टाक. मला भ्या वाटतंय.”

मी तिच्याबरोबर गेले. वासरू गोठ्यात पडलं होतं, अंगावर केस आलेलं, पुरं झालेलं. लता वाकून ते उचलायला लागली. मी म्हणाले, “थांब. हात लावू नको.” दोघींनी हातांना खताच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या, वासरू गोणपाटात घेतलं आणि रानाच्या कडेला नेलं. मी कुदळ मारायला लागले. जमीन कातळासारखी. लता रडत होती.

भानुदास येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता मारतो. त्याच्या हातात फावडं होतं आणि माझ्या हातात कुदळ, आणि मनात आलं की हा पुढं आला तर आज मीही मारीन. कुठं मारायचं तेही मी ठरवून टाकलं. त्यानं माझ्या हातातली कुदळ ओढून घेतली. मोडक्या हातानं त्याला ती नीट उचलता येत नव्हती. तो खणायला लागला.

गुडघाभर झाल्यावर वर आला. “एवढं बस झालं का?”

“न्हाय,” मी म्हणाले. “कुत्र्यानं उकरलं न्हाय पायजे. आणखी खोल.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खड्ड्याकडं. कांता, तो परत खाली उतरला आणि खणू लागला.